शाकारणी करणाऱ्यांविषयी

मृगाच्या आधी कौलारू घरांची शाकारणी होते. माणूस छपरावर चढतो, फुटकी कौले काढतो, नवी बसवतो आणि उतरून निघून जातो. पावसात घर गळले नाही, तर त्याची आठवण कोणालाच होत नाही. गळले, की मात्र पहिला उद्धार त्याचाच! असाच एका शाकारणी करणाऱ्याचा उद्धार मीही केला. त्याची ही कबुली.

गेल्या वर्षी आम्ही काही विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाचे जुने वार्षिक अंक आणि हस्तलिखिते स्कॅन केली. पाने इतकी जीर्ण, की उलटताना कडांचा भुगा होई. ती चित्रे आम्ही 'क्लाउड'वर ठेवली. एका मोफत साधनामुळे ती ग्रंथालयातील संगणकावर नेहमीच्या फोल्डरसारखी दिसू लागली. एका संध्याकाळी मी त्या फोल्डरचे नाव बदलायला घेतले आणि वीज गेली. दुसऱ्या दिवशी पाहतो तो निम्मी पाने जुन्या नावाखाली, निम्मी नव्या! वाटले, सगळे गेले. संतापाच्या भरात मी ते साधन सांभाळणाऱ्याला लिहिले, "तुमच्या साधनाने आमचे अंक खाल्ले."

उत्तरात राग नव्हता, प्रश्न होते. आवृत्ती कोणती? नेमके काय केले? दोन-तीन फाइली घेऊन तोच प्रकार पुन्हा घडवून दाखवता येईल का? आणि शेवटी, माहितीपत्रकातील मर्यादांचा भाग वाचला आहे का?

तो मी वाचला नव्हता. वाचला, तेव्हा कळले, की क्लाउडच्या कोठारात बहुधा फोल्डर नावाची वस्तूच नसते. ॲमेझॉनने २००६ मध्ये 'एस-थ्री' ही सेवा सुरू केली. तिचा नमुना पुढे अनेकांनी उचलला. तेथे प्रत्येक फाइल म्हणजे लांबलचक नावाची एक अखंड वस्तू. नावातली तिरपी रेघ पाहून फोल्डर आहे असे आपण समजायचे, इतकेच. म्हणून फोल्डरचे नाव बदलायचे, तर एकेका फाइलची नव्या नावाने नक्कल करायची आणि जुनी खोडायची. हजार पाने असली, तर हजार वेळा! उलट आपला संगणक मागतो ते खरे फोल्डर. लिनक्समध्ये २००५ पासून 'फ्यूज' नावाची सोय आहे. तिच्या आधारे साधा प्रोग्रॅमही फाइलव्यवस्थेचे काम करू शकतो. असे साधन म्हणजे दोन भाषांमधला दुभाषाच. एका भाषेतला शब्द दुसरीत नसला, की त्याची जी ओढाताण होते, ती भाषेच्या विद्यार्थ्यांना मी काय सांगावी?

दोष शोधणे तर त्याहून कठीण. डिसेंबर २०२० पर्यंत एस-थ्रीवर फाइल बदलल्यानंतरही काही वेळ जुनीच प्रत हाती येण्याची शक्यता असे. मग चूक प्रोग्रॅमची, संगणकाने जवळ साठवलेल्या प्रतीची, की कोठाराची, हे ठरवायला नोंदींच्या ओळींमागून ओळी वाचाव्या लागत. आमचे मात्र एकही पान हरवले नव्हते. आधी नक्कल, मगच खोडणे, हा क्रम कोणीतरी विचारपूर्वक ठरवून ठेवला होता.

कोणी म्हणेल, ज्याने काम अंगावर घेतले त्याने ते निभवावे. पण एकट्याने किती काळ? 'एक्सझेड' हे फाइली आक्रसण्याचे साधन असाच एक जण सांभाळीत होता. मदतनीस म्हणून आलेल्या एकाने दोनेक वर्षांत विश्वास मिळवला आणि त्यात चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये तो सापडला, कारण आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, याचा संशय आला. जग वाचले ते एका माणसाच्या चौकसपणामुळे. त्याआधी त्या थकलेल्या माणसाची विचारपूस किती जणांनी केली होती?

मित्रहो, हे काम विज्ञान शाखेचे म्हणून आपण हात झटकू नयेत. काय केले, काय अपेक्षित होते आणि काय घडले, हे तीन वाक्यांत नेमके लिहिणे हा भाषेचा प्रश्न आहे, आणि भाषा आपण शिकतो. मी माझी तक्रार मागे घेतली, क्षमा मागितली आणि आमच्या ग्रंथालयासाठी त्या मर्यादांचे एक पानी मराठी टिपण लिहिले. ते आता संगणकाशेजारी भिंतीवर लावले आहे.

स्नेहसंमेलनात आपण नवे काही करणाऱ्यांचे सत्कार करतो. ते योग्यच आहे. पण ज्याच्यामुळे काही बिघडले नाही, त्याला हार घालण्याची आपल्याकडे रीत नाही. हार नसला तरी चालेल. निदान घर गळले, तर ओरडण्यापूर्वी एकदा शिडी लावून वर पाहावे, एवढे तरी आपण करू.

(तृतीय वर्ष, कला)