साधेपणाची किंमत

क्वेकर पंथाच्या साधेपणाची स्तुति करणें हल्लीं फार सोपें झालें आहे. कोऱ्या भिंती, मोजकें सामान, निःशब्द प्रार्थना. एवढें पाहिलें कीं स्तुतिपाठकांस वाटतें, साधेपणा ही अभिरुचीचीच एक बाब आहे. या समजुतीस आमचा स्पष्ट विरोध आहे. साधेपणा म्हणजे आपला भार दुसऱ्याच्या खांद्यावर न टाकणें. आणि त्याची किंमत पडते.

न्यू जर्सींतील जॉन वूलमन (१७२०–१७७२) यानें ती किंमत दिली. दुकान भरभराटीस येऊं लागलें तेव्हांच त्यानें व्यापार आवरला व शिंपीकामावर निर्वाह केला. साखरेमागें गुलामांचे श्रम आहेत म्हणून ती वर्ज्य केली. गुलाम बाळगणाऱ्या स्वतःच्याच पंथबंधूंच्या घरीं जाऊन त्यानें त्यांस बोध केला. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेनें अशा सभासदांस पंथाबाहेर काढण्याचें ठरविलें तें १७७६ मध्यें, वूलमनच्या मृत्यूनंतर चार वर्षांनीं!

शोकाच्या बाबतींतही हेंच तत्त्व दिसतें. ब्रिटनमधील क्वेकरांच्या अंत्यविधीस पुरोहित नसतो; मंडळी स्तब्ध बसते व ज्यास आंतून प्रेरणा होईल तो उठून चार शब्द बोलतो. यास कोणी रुक्षपणा म्हणतात. परंतु येथें रडण्यास मनाई नाहीं. मनाई आहे ती मिरवण्यास. थडग्यांवरील दगडसुद्धां त्यांनीं दीर्घकाळ निषिद्ध मानले. १८५० मध्यें लंडनच्या वार्षिक सभेनें परवानगी दिली ती साध्या, सारख्या दगडांस. मग गरिबाच्या विधवेनें कर्ज काढून आपलें दुःख सिद्ध करावयास नको.

आणि वार्धक्य? आपल्या शुश्रूषेची तजवीज वेळींच करावी, असा सल्ला ब्रिटनमधील क्वेकरांच्या १९९४ च्या उपदेशसंग्रहांत आहे. ‘मग मुलांचें कर्तव्य कोठें गेलें?’ असा आक्षेप येईल. तें कर्तव्य आहेच. पण हातपाय चालतात तोंवर संग्रह कमी करणें व आपली इच्छा घरच्यांस स्पष्ट सांगणें, हें वडीलधाऱ्यांचें कर्तव्य आहे. तें टाळून मुलांच्या कृतघ्नतेवर प्रवचनें झोडणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

तेव्हां घरांतील चार खुर्च्या कमी करून कोणी साधेपणाचा टेंभा मिरवूं लागल्यास, वाचकांनीं त्यांस एवढेंच विचारावें: आपल्या या साधेपणानें कोणाच्या खांद्यावरचा भार हलका झाला?