‘बेकायदा’ या शब्दाचा नेमका अर्थ

काशीच्या पंचगंगा घाटावरील बिंदुमाधवाचे आजचे मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधले. मराठी माणसाचा या घाटाशी संबंध असा जुना; तरी तेथील बोलीत ‘कायदा’ हा शब्द त्याला चकवतो. हिंदीत कायदा म्हणजे रीत वा शिस्त. आपल्या कायद्याला तेथे ‘कानून’ म्हणतात. साहजिकच हिंदीतील ‘बेकायदा’ गोष्ट गुन्हा असेलच असे नाही.

सरकारी कागदावर हा भेद महागात पडू शकतो. २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १८९ मधील जमाव हिंदीत ‘विधिविरुद्ध’ ठरतो; महाराष्ट्रातील पोलीस त्यालाच ‘गैरकायद्याची मंडळी’ म्हणत आले. याच संहितेनुसार गुन्हा, कायद्याने मनाई असलेली कृती आणि दिवाणी दाव्यास कारण देणारी कृती, या तिन्ही गोष्टी बेकायदेशीरच होत.

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बांधकाम पाडण्यापूर्वी १५ दिवसांची, उल्लंघनाचा तपशील देणारी नोटीस बंधनकारक केली. रस्ता, नदीकाठ यांसारख्या सार्वजनिक जागांवरील अनधिकृत बांधकामे मात्र त्यातून वगळली. म्हणूनच परप्रांतात हाती नोटीस पडताच ‘अवैध’ या शब्दाने न घाबरता तीत कोणते कलम लावले आहे, हे आधी पाहावे. दाद कोठे मागायची, हे त्यावरच ठरते.