डोंगरची काळी मैना, घरचा गारवा

वैशाख सरत आला की त्र्यंबकेश्वर, हरसूल, पेठ या डोंगराळ भागांतून नाशिककडे येणाऱ्या रस्त्यांच्या कडेला आदिवासी भगिनी पानांचे द्रोण मांडून बसतात. द्रोणांत काळीभोर करवंदे असतात, पुढे जांभळेही येतात. द्राक्षांचा हंगाम तोवर आटोपलेला असतो आणि घरोघरी मुलांचा आइस्क्रीमसाठी हट्ट सुरू झालेला असतो. हा हट्ट त्या द्रोणातील करवंदांनीही पुरवता येतो.

अनोळखी फळ खाऊ नये, हा श्रावकाचारातील नियम रानात विशेष खरा ठरतो. करवंद आणि कण्हेर ही एकाच वनस्पतिकुळातील. दोहोंनाही पांढरा चीक येतो. एक रानमेवा, तर दुसरे विष. म्हणून सहलीस गेलेल्या मुलांनी झुडपावर दिसेल ते तोंडात घालू नये. जाणत्याने ओळखून दिलेले फळच घ्यावे.

दोन वाट्या पूर्ण पिकलेली करवंदे धुऊन घ्यावीत. प्रत्येक फळ मधोमध चिरून बिया काढाव्यात आणि आत अळी नाही ना, हे उजेडात पाहावे. अर्धी वाटी पाण्यात 5 मिनिटे शिजवून गर गाळणीतून काढावा. गराच्या सुमारे पाव भाग साखर, चिमूटभर सैंधव आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालावी. येथे साखर केवळ गोडीसाठी नसते. ती कमी पडली तर गर दगडासारखा गोठतो. फार झाली तर नीट गोठतच नाही. मिश्रण पसरट डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवावे आणि दर 40 मिनिटांनी काट्याने खरवडावे, म्हणजे बर्फाचे कण बारीक राहतात. या कामास चार-पाच तास लागतात. सकाळी आरंभ केला तर सूर्यास्तापूर्वी सर्वांच्या वाट्या भरतात.

सर्वांच्या म्हणताना घरातील वडीलधाऱ्यांचे स्मरण असावे. बावीस अभक्ष्यांत बर्फाचीही गणना आहे. काही घरांत जांभळासारखी फळेही वर्ज्य असतात. ज्या आजींचा बर्फाचा त्याग आहे, त्यांच्यासाठी तोच गर गोठवण्यापूर्वी बाजूला काढून उकळून निववलेल्या पाण्यात सरबत करावे. नातवंडांसोबत त्याही बसतील आणि त्यांचा नियमही अभंग राहील.

आता मोलाचा प्रश्न. करवंदाच्या जाळीला जोडीजोडीने तीक्ष्ण काटे असतात. एक द्रोण भरण्यासाठी एकेक फळ त्या काट्यांतून हाताने वेचावे लागते. हा माल टिकाऊ नाही. सायंकाळपर्यंत खपला नाही तर उतरू लागतो. नाशवंत मालाची ही अडचण व्यापारी घराइतकी कोणास कळणार? आणि नेमकी तीच ओळखून दिवस कलताना भाव पाडला जातो. दुकानातील आइस्क्रीमच्या कपावर छापलेली किंमत निमूटपणे दिली जाते. द्रोणासाठी मात्र पाच रुपयांची घासाघीस होते, तीही मुलांच्या देखत. मुले गारव्याची कृती विसरतील, पण तो व्यवहार विसरणार नाहीत.

लेश्यांच्या दृष्टांतातील सहा भुकेले पुरुष जांभळाच्या झाडाखाली येतात. पहिल्यास झाड मुळासकट उपटावेसे वाटते. पुढचे क्रमाने खोड, फांद्या, डहाळ्या, फळे असा विचार करतात; सहावा केवळ खाली पडलेली फळे वेचून तृप्त होतो. फळ तेच, भूकही तीच; भेद फक्त घेण्याच्या रीतीत. रस्त्याकडेच्या द्रोणापाशी गाडी थांबवणाऱ्याने मुलांना हा दृष्टांत अवश्य सांगावा. परंतु त्याआधी मागितलेले पैसे त्या भगिनीच्या हाती ठेवावेत.