कडकनाथ कोणाचा? आदिवासीच्या अंगणाचा की दलालाच्या बाजाराचा?

जबलपूर येथील नानाजी देशमुख पशुवैद्यकीय विज्ञान विद्यापीठाने ‘नर्मदानिधी’ ही परसात पाळण्याजोगी संकरित कोंबडी विकसित केली आहे. तिच्यात २५ टक्के अंश कडकनाथचा आणि ७५ टक्के अंश ‘जबलपूर कलर’ या तेथेच जोपासलेल्या वाणाचा आहे. सार्वजनिक पैशावर चाललेल्या अखिल भारतीय समन्वित कुक्कुट-प्रजनन प्रकल्पाचे हे फळ असून ते निःसंशय स्वागतार्ह आहे. अंगणात दहा-पाच कोंबड्या राखणाऱ्या भूमिहीन कुटुंबाला जास्त अंडी मिळत असतील, तर त्यास विरोध करण्याचे कारण नाही. परंतु या यशातूनच एक प्रश्न उभा राहतो. ज्या पक्ष्याच्या वंशावर हे संशोधन उभे आहे, तो मूळ कडकनाथ कोण टिकवणार, आणि टिकवणाऱ्याच्या पदरात काय पडणार?

कडकनाथचे माहेर जबलपूरपासून दूर, राज्याच्या पश्चिम भागातील झाबुआ, अलीराजपूर व धार या जिल्ह्यांत आहे. भिल्ल आणि भिलाला आदिवासींनी पिढ्यान् पिढ्या हा पक्षी जोपासला. पिसे, कातडी, तुरा, मांस, इतकेच नव्हे तर हाडांवरील आवरणही काळे. म्हणूनच त्याला ‘कालीमासी’ म्हणतात. इंडोनेशियाचा आयाम चेमानी आणि चीनची सिल्की या कोंबड्यांतही हाच काळेपणा आढळतो, आणि त्याचे मूळ एकाच जनुकीय बदलात असल्याचे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. कडकनाथ सावकाश वाढतो. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोंच्या घरात जातो, तर कडकनाथला किलोभर वजन धरण्यास वीस आठवडे लागतात. कोंबडी वर्षाला शंभराच्या आसपास अंडी देते आणि खुडूक बसण्यात कुचराई करते. म्हणून तिची अंडी दुसऱ्या गावठी कोंबडीखाली उबवण्याची रीत पडली. या साऱ्या उणिवा पत्करून ज्यांनी हा पक्षी राखला, त्यांच्या हाती ना भांडवल होते, ना प्रयोगशाळा. जे शहाणपण कामी आले ते मुख्यतः घरातील स्त्रीचे होते.

बाजाराने काय केले?

‘चांगला भाव मिळाला की जात आपोआप टिकेल’ असे बाजारवादी सांगतात. अनुभव काय सांगतो? कडकनाथच्या मांसात चरबी कमी व प्रथिने जास्त आहेत, या गोष्टीवर हृदयरोगापासून अशक्तपणापर्यंत सर्व व्याधींवरील रामबाण उपायाचा मुलामा चढवण्यात आला. डॉक्टरी उपचाराची जागा कोणतीही कोंबडी घेऊ शकत नाही. परंतु जाहिरातीला पुराव्याची गरज लागत नाही. भाव चढले आणि दलाल पुढे सरसावले.

त्याची सर्वांत जबर किंमत महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी मोजली. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथून चाललेल्या एका योजनेत शेतकऱ्यांकडून आगाऊ पैसे घेऊन त्यांना कडकनाथ पक्षी देण्यात आले आणि तयार माल चढ्या भावाने परत घेण्याचे आश्वासन देण्यात आले. २०१९ मध्ये खरेदी थांबली व योजना कोसळली. सांगली, कोल्हापूर, सातारा या जिल्ह्यांतील कुटुंबांच्या हाती कर्ज आणि रोज दाणा मागणारे पक्षी तेवढे उरले. खाण्यासाठी वा अंड्यासाठी ग्राहक नसताना केवळ पुढच्या गुंतवणूकदारास पक्षी विकण्यावर उभारलेला धंदा दुसऱ्या कशात संपणार होता? यात दोष कोंबडीचा नव्हता आणि शेतकऱ्याच्या भाबडेपणाचाही नव्हता. शेतीमालाला भाव नाही म्हणून अगतिक झालेल्या माणसाला जुगाराच्या पटावर खेचणाऱ्या व्यवस्थेचा तो दोष होता.

अशा तेजीत जातीचेही नुकसान होते. पिल्लांची मागणी वाढली की जे काळे दिसेल ते कडकनाथ म्हणून खपवले जाते. वास्तविक काळा रंग हा शुद्धतेचा पुरावा नव्हे. कडकनाथ कोंबड्याशी संकर केलेल्या पहिल्या पिढीतील माद्याही पुष्कळदा काळ्याच निपजतात.

शास्त्राचा हिशेब

जात राखणे म्हणजे पक्ष्यांची संख्या वाढवणे, एवढाच अर्थ घेणे चुकीचे आहे. ९५ कोंबड्या आणि ५ कोंबडे असलेला कळप दिसायला शंभराचा. परंतु प्रजननशास्त्राच्या हिशेबाने त्याची परिणामकारक संख्या अवघी १९ भरते. तेच ५० नर व ५० माद्या असतील तर ती १०० होते. नर मोजकेच ठेवले की पिढीगणिक जवळच्या नात्यातील संकर वाढतो, अंडी कमी उबतात, पिल्ले अशक्त निपजतात. नफ्यासाठी चालणारा फार्म जास्तीचे कोंबडे पोसणार नाही, कारण ते दाणा खातात आणि अंडी देत नाहीत. हजार अंगणांत विखुरलेले हजार कोंबडे हीच या जातीची खरी तिजोरी आहे. जानेवारी २०२१ मध्ये झाबुआ जिल्ह्यातील एका कडकनाथ फार्मवर बर्ड फ्लू शिरला आणि तेथील पक्षी नष्ट करावे लागले. सारी पुंजी एका छपराखाली ठेवणे किती धोक्याचे आहे, हे त्यातून दिसले.

याच दृष्टीने जबलपूरच्या कामाकडे पाहिले पाहिजे. नर्मदानिधीसाठी शुद्ध कडकनाथचा कळप कायम हाताशी असावाच लागतो. बीज संपले तर संकरही संपला. म्हणून संकरित पक्षी मंडला-दिंडोरीच्या गोंड-बैगा वस्त्यांत जरूर जावा. परंतु झाबुआ-अलीराजपूरच्या अंगणात संकरित कोंबडे वाटले, तर दहा-वीस वर्षांत मूळ जात तिच्या घरातच बुडेल. विकासाच्या नावाखाली एका आदिवासीचा लाभ दुसऱ्या आदिवासीच्या ठेव्यावर घाला घालून व्हावा, हे कदापि मान्य होण्यासारखे नाही.

नाव कोणाचे, हक्क कोणाचा?

जुलै २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक मानांकन मिळाले. छत्तीसगडमधील दंतेवाड्यानेही त्यावर दावा सांगितला होता, आणि वृत्तपत्रांनी दोन राज्यांची झुंज म्हणून ती बातमी रंगवली. या मानांकनाने मांसाच्या नावाला संरक्षण दिले. जिवंत पक्षी आणि त्याचा पालक यांना ते आपोआप मिळाले नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद होण्यासाठी कागद लागतात, आणि कागद नेमके त्या भिल्ल स्त्रीकडे नसतात. पिकांच्या बाबतीत २००१ च्या कायद्याने वाण राखणाऱ्या शेतकऱ्याचा हक्क मान्य केला. पशुपक्ष्यांच्या जाती राखणाऱ्यांसाठी तसा कायदा नाही.

म्हणून काही मागण्या स्पष्टपणे पुढे आल्या पाहिजेत. मूळ जिल्ह्यांत पुरेशा नरांसह शुद्ध पक्षी राखणाऱ्या कुटुंबांना शासनाने थेट मोबदला द्यावा. राणीखेत अर्थात मानमोडीची लस गावागावांत वेळेवर व विनामूल्य पोहोचावी, कारण परसातील कोंबड्यांचा सर्वांत मोठा शत्रू तोच रोग आहे. झाबुआ येथे १९७८ पासून असलेले सरकारी कडकनाथ प्रजनन केंद्र आणि जबलपूरचे विद्यापीठ यांना निधी व कर्मचारी मिळावेत, वंशाच्या नोंदी जाहीर असाव्यात. विक्री आदिवासी स्त्रियांच्या सहकारी संस्थांच्या हाती असावी. परतखरेदीचे आमिष दाखवून आगाऊ रकमा गोळा करणाऱ्या योजनांवर कडक नियंत्रण यावे आणि इस्लामपूर प्रकरणातील फसलेल्यांचे पैसे परत मिळावेत.

कडकनाथ वाचला तो महाग होता म्हणून नव्हे. त्याला बाजारात किंमत नव्हती तेव्हाही कोणीतरी सायंकाळी त्याला टोपलीखाली झाकत होते, म्हणून तो वाचला. त्या हातांना हक्क आणि मोबदला मिळाला, तरच तो यापुढेही वाचेल.