गिअर काढलेल्या सायकलची चेन



या खेपेला नांगर-कुळव बाजूला ठेवून सायकलकडे वळू या. वस्त्यांवर फिरताना गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी असलेली गिअरची सायकल मला बऱ्याच घरी दिसते. थोरल्याने हट्ट करून घेतलेली, दोन पावसाळे चाललेली, मग मागचा गिअर वाकून चाकाच्या तारांत गेलेला. थोरला आता मोटारसायकल फिरवतो, आणि धाकटी बहीण शाळेसाठी फाट्यावर एसटीची वाट बघत उभी असते.

आमच्या शेजारच्या वस्तीवर हेच झाले. मुलगी नववीत, शाळा सात किलोमीटरवर. "साहेब, भंगारात घालतो आता," तिचे वडील म्हणाले. "दोनदा नवा गिअर टाकला, दोन्ही वेळा वाकला. आणि एसटीच्या भरवशावर पोरीची शाळा काय व्हायची नाही." म्हटले, भंगारात घालू नका. गिअर काढून टाकू आणि साधी एका चकतीची सायकल करू. हे काम दिसते तेवढे सोपे नाही, हे मला पुढे कळले.

तुमची जुनी काळी सायकल आठवा. तिच्या मागच्या चिमट्याची खाच आडवी असते. चेन ढिली झाली की नट सैल करायचे, चाक जरा मागे ओढायचे, पुन्हा आवळायचे. गिअरच्या सायकलीची खाच बहुधा उभी असते. चाक मागेपुढे सरकतच नाही. बरे, चेन हवी तेवढी तोडावी म्हणाल, तर तेही जमत नाही. चेनचा एक दुवा अर्ध्या इंचाचा, पण एक आतला आणि एक बाहेरचा अशी जोडीच काढावी लागते. म्हणजे चेन कमी होणार ती एकेक इंचाने. एक जोडी ठेवावी तर चेन लोंबते, काढावी तर जोडली जात नाही.

यासाठी चेन ताणणारी छोटी पुली मिळते. दुकानदार तिला टेन्शनर म्हणतात. पिठाच्या गिरणीचा किंवा मळणी यंत्राचा पट्टा ताणून धरणारी फिरती पुली तुम्ही पाहिली आहे, हे तिचेच धाकटे भावंड. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रावरही चेन ताठ ठेवावी लागते, नाही तर ती दाता चुकते आणि तासात खाडे पडतात. सायकलवर दाता चुकला तर माणूस पडतो.

तसेच झाले. पहिल्या खेपेला मी आणि गावच्या सायकलवाल्याने पुली घेतलीच नाही. मागची सहा चकत्यांची फ्रीव्हील तशीच ठेवली, चेन तोडून मधल्या चकतीवर चढवली. अंगणात छान चालली. पण त्या चकत्यांचे दाते चेन एकीवरून दुसरीवर सहज जावी म्हणूनच घडवलेले असतात. धरून ठेवायला गिअर नसला की चेन शेजारच्या चकतीवर चढू पाहते. तिसऱ्या दिवशी कालव्याच्या चढावर मुलगी पायडलवर उभी राहिली, चेनने दाता सोडला, पाय रिकामा गेला. गुडघा फुटला. मागून उसाची ट्रॉली येत नव्हती म्हणून बरे. चूक माझी होती; सायकलवाला "पुली बघू का?" म्हणत होता, मीच खर्च वाचवायला निघालो होतो.

आता दुसऱ्या खेपेला काय केले ते सांगतो.

आधी जुनी चेन मोजली. मोजपट्टीचा शून्य एका पिनीच्या मध्यावर धरायचा आणि चोवीस दुवे मोजायचे. नव्या चेनची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती अर्धा सूत पुढे गेली असेल तर चेन बदला. पूर्ण सूत पुढे गेली असेल तर चकत्यांचे दातेही खाल्लेले असणार. नवी चेन त्यांवर टिकणार नाही. आमची पाऊण सूत गेलेली होती.

मग मागची फ्रीव्हील काढून साधी एकेरी, १८ दात्यांची बसवली. जुनी फ्रीव्हील पायडलच्या जोराने वर्षानुवर्षे आवळलेली असते, हातपान्याने सुटत नाही. तिच्या खाचेची चावी शेगड्यात घट्ट धरून वरून चाकच उलटे फिरवावे लागते. पुढे मधली चकती ठेवली, तिचे दाते ३६. पायडलच्या एका फेऱ्याला मागचे चाक दोन फेरे घेते, म्हणजे २६ इंची चाकावर सुमारे चार मीटर. काळी सायकल एका फेऱ्यात पाच मीटरच्या वर जाते, पण आमच्याकडचे चढ आणि दप्तराचे ओझे पाहता मला चारच बरे वाटले.

नवे सामान घेताना एक लक्षात ठेवा. गिअरची चेन अरुंद असते, साध्या सायकलीची रुंद. अरुंद चेन साध्या फ्रीव्हीलच्या जाड दात्यांवर बसतच नाही. तेव्हा जाड फ्रीव्हील घेतली तर चेन रुंद घ्या आणि पुलीही रुंद चेन चालणारी मागा.

खरी मेहनत पुढे आहे. पुढची चकती आणि मागची चकती एका रेषेत यायला हवी. एकेरी फ्रीव्हील आत, तारांच्या बाजूला बसते, त्यामुळे चेन तिरकी जाते. आम्ही पुढच्या चकतीला दोरी लावून मागे धरली. बोटभर फरक होता. सायकलवाल्याने आसावरचा उजवीकडचा एक वायसर डावीकडे घातला, चाक उजवीकडे सरकले, आणि मग तारा ओढून रिंग पुन्हा मध्यावर आणली. तारांचे काम येत नसेल तर हात घालू नका. यात अख्खी दुपार गेली. पण ही रेष चुकली तर कितीही महाग पुली लावा, चेन उतरणारच.

पुली बसते ती गिअर जिथे होता त्या कानाला. तो वाकलेला असेल तर आधी सरळ करा. लोखंडी कान सरळ होतो, ॲल्युमिनियमचा वाकवताना तुटू शकतो. बोल्ट आधी बोटांनी फिरवून आट्यांत बसतोय ना ते पाहा, मगच पाना लावा. पुली नेहमी खालच्या बाजूच्या चेनवर. वरची बाजू पायडलचा जोर ओढते, तिला पुली लावाल तर स्प्रिंग आणि पुली दोन्हींचा सत्यानाश. पुली चेनला खालून वर ढकलेल अशी ठेवली तर फ्रीव्हीलचे जास्त दाते चेनमध्ये अडकतात आणि पकड वाढते.

स्प्रिंगची पुली असेल तर ताण ती स्वतः सांभाळते. बोल्टने पक्की करायची असेल तर चेन मध्यावर बोटाने वर-खाली चार सूत हलली पाहिजे. चकती क्वचितच अगदी गोल असते, म्हणून पायडल पूर्ण एक फेरा फिरवा आणि चेन सर्वांत ताठ होते त्या जागी हे माप घ्या. तारेसारखी ताणलेली चेन चांगली, असे पुष्कळांना वाटते. तशा चेनने पायडल जड होते आणि गोळ्या झिजतात.

ज्यांचा जुना गिअर मोडलेला नाही, नुसती केबल गेली आहे, त्यांना पुली विकत घ्यायलाही नको. जुनी फ्रीव्हील आणि अरुंद चेन तशीच ठेवा. गिअरच्या छोट्या स्क्रूने त्याची चाके एका चकतीखाली आणून ठेवा. तोच ताणही देतो आणि चेन जागेवरही धरतो. स्क्रू पुरला नाही तर केबलचा वीतभर तुकडा घालून तिथेच आवळा.

मुलाबाळांच्या हाती देण्याआधी घरातल्या जड माणसाने पायडलवर उभे राहून चढावर सायकल चालवून पाहावी. आम्हीही मुलीच्या वडिलांना कालव्याच्या चढावर तीनदा पिटाळले. चेनकव्हर काढले असेल तर परत लावा. ओढणी आणि सलवार त्यात सापडते. चाक फिरत असताना फडक्याने चेन पुसू नका, लहानग्यांना तर जवळही येऊ देऊ नका. तेल प्रत्येक दुव्याला एक थेंब आणि वरचे पुसून घ्या. इंजिनचे काळे तेल ओतलेत तर रस्त्याची सगळी धूळ चेन गोळा करील.

आठवड्याने पुलीचा बोल्ट आणि आसाचे नट पुन्हा एकदा आवळून पाहा. नवे बसवलेले सामान थोडे सैल पडते.

मुलगी आता दहावीत आहे आणि सायकल चालू आहे. मागचा ब्रेक तेवढा करकरतो म्हणते. त्याचे पुढच्या अंकात पाहू.