वाट चुकली, तर डॉक्टरांना सांगा

१९७१ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जॉन ओकीफ आणि जोनाथन दोस्त्रोव्स्की यांनी मोकळ्या फिरणाऱ्या उंदराच्या मेंदूत बारीक तारा बसवून हिप्पोकॅम्पस या भागातल्या पेशींचे संकेत टिपले. एखादी पेशी उंदीर ठरावीक जागी आला की चेतायची आणि तिथून हलला की गप्प व्हायची. शेजारच्या पेशीची जागा निराळी. उंदीर कुठे आहे, हे त्याच्याकडे न बघता नुसत्या पेशींवरून सांगता येऊ लागले. तरी जागेची ही खबर या पेशींना देते कोण, हे कळायला आणखी ३४ वर्षे गेली.

नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमला मे-ब्रिट आणि एडव्हर्ड मोझर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी शेजारच्या एन्टोरायनल कॉर्टेक्समध्ये शोध घेतला. तिथली एकेक पेशी एका नव्हे, अनेक जागी चेतत होती. उंदराला मोठ्या पेटीत फिरवले तेव्हा त्या जागांची रचना उघड झाली: सारख्या अंतरावरच्या बिंदूंची, षटकोनांची जाळी. पेटीत अशी कुठलीही आखणी नव्हती. अंधार केला तरी जाळी टिकली, म्हणजे मेंदू डोळ्यांवर विसंबून न राहता स्वतःच्या चालीचा आणि वळणांचा हिशेब ठेवत होता. मला तर हा गेल्या पन्नास वर्षांतला सर्वांत सुंदर शोध वाटतो. २०१४ चे नोबेल ओकीफ आणि दोघा मोझरांना मिळाले.

माणसाच्या मेंदूतही अशा पेशी सापडल्या आहेत. आणि अल्झायमरमध्ये टाऊ प्रथिनाचे गुंते ज्या भागांत सर्वांत आधी दिसतात, त्यांत हाच एन्टोरायनल कॉर्टेक्स आहे. बहुधा म्हणूनच काही रुग्ण नातवंडांची नावे विसरण्याआधी ओळखीच्या रस्त्यावर भांबावतात. आपल्याकडे त्याला ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून सोडून दिले जाते. दवाखान्यातही तारीख विचारतात, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगतात. वाट सापडते का, हे चालवून सहसा कोणी बघत नाही.

वाट चुकणाऱ्या प्रत्येक माणसाला अल्झायमरच असतो असे नाही. थायरॉइड किंवा बी-१२ ची कमतरताही कारण असू शकते, आणि त्यावर उपचार आहेत. म्हणून घरातले वडीलधारे माणूस रोजच्या वाटेवर गोंधळले, तर ते कुठे आणि कितीदा झाले हे लिहून ठेवा आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगा.