परक्या भाषेतली पहिली

वर्षभर या सदरात पालकांच्या पत्रांना उत्तरे देते, ती चार-सहा ओळींत आटोपावी लागतात. जागा थोडी, पत्रे फार. दिवाळी अंकात मात्र संपादक हात जरा सैल सोडतात, म्हणून एक पत्र मुद्दाम या अंकासाठी मागे ठेवले होते.

पत्र कॅनडातले आहे, टोरंटोजवळच्या एका गावाहून आलेले. लिहिणारी मूळची रोह्याची. कोणे एके काळी माझ्याच वर्गात पहिलीला होती. त्यामुळे मायना ‘बाई, सा. न.’ असाच आहे. ती लिहिते, ‘चिरंजीव पुढच्या सप्टेंबरात पहिलीत जातील. इथे फ्रेंच इमर्शन म्हणून एक प्रकार आहे. वर्गात सगळा व्यवहार फ्रेंचमधून. नाव जानेवारीत नोंदवायचे आहे. आम्हा दोघांना फ्रेंचचा गंध नाही. घरी मराठी, शेजारी इंग्रजी, शाळेत फ्रेंच. पोराच्या डोक्याची खिचडी तर होणार नाही ना? त्या वर्गात नेमके होते तरी काय? इथली एक मैत्रीण म्हणते, तीन भाषा फार होतात, घरातले मराठी बंद करा. काय करू?’

ही चिंता एकट्या टोरंटोची नाही. गेल्या जूनमध्ये पेणला एका आईने मला रस्त्यात थांबवून हेच विचारले होते. तिची मुलगी इंग्रजी माध्यमाच्या पहिलीत बसली होती आणि वर्गात तोंड म्हणून उघडत नव्हती. तेव्हा उत्तर टोरंटोला असले, तरी ठाण्या-डोंबिवलीच्या वाचकांनी पान उलटू नये.

आधी हा इमर्शनचा खटाटोप निघाला कुठून ते सांगते. माँट्रियलचे सेंट लँबर्ट नावाचे एक उपनगर आहे. तिथल्या इंग्रजी बोलणाऱ्या पालकांना एक खंत होती, की आपली मुले बारा वर्षे फ्रेंचचे तास करतात आणि शेजारच्या फ्रेंच मुलाशी चार वाक्ये धड बोलू शकत नाहीत. (आपल्या शाळांतल्या इंग्रजीची आठवण कोणाला झाली तर तो दोष माझा नव्हे.) त्यांनी शाळेच्या मंडळाच्या मागे तगादा लावला आणि सप्टेंबर १९६५ मध्ये एक बालवर्ग सर्वस्वी फ्रेंचमधून सुरू करून घेतला. मॅकगिल विद्यापीठाचे वॉलेस लँबर्ट आणि त्यांचे सहकारी त्या मुलांच्या मागे वर्षानुवर्षे परीक्षा घेत राहिले. त्यावरचे पुस्तक १९७२ साली निघाले. मुले पहिल्या एक-दोन इयत्तांत इंग्रजी वाचनात मागे होती, पुढे त्यांनी ती तूट भरून काढली. गणितात काही बिघडले नाही. फ्रेंच त्यांना उत्तम समजू लागले; बोलण्यात चुका मात्र राहिल्या आणि पुष्कळ जणांच्या त्या मोठेपणीही राहतात. म्हणजे मुलगा पॅरिसच्या माणसासारखा बोलू लागेल अशी आशा धरू नये.

इमर्शन म्हणजे बुडी. आपल्याकडे मुलांना नदीत पोहायला घालीत ते पाठीला पत्र्याचा डबा बांधून. पाण्यात ढकलून देणे वेगळे आणि डबा बांधून उतरवणे वेगळे. कॅनडातल्या त्या वर्गात डबा असतो. पहिली गोष्ट, वर्गातली बहुतेक सगळी मुले सारखीच अडाणी असतात. कोणालाच फ्रेंच येत नसते, म्हणून हसायला कोणी नसतो. दुसरी, बाई फ्रेंच बोलत असल्या तरी त्यांना इंग्रजी कळते. मूल इंग्रजीत म्हणते, ‘माझी पेन्सिल मोडली.’ बाई रागावत नाहीत, तेच वाक्य फ्रेंचमध्ये करून त्याच्या हाती परत देतात आणि वर नवी पेन्सिल. तुझ्या मुलाचे इंग्रजी तिथल्या बालवर्गात झालेले असणार, तेव्हा त्याचाही डबा बांधलेला आहे असे समज.

आता वर्ग. पहिल्या दिवसापासून बाई हातवारे करून, चित्रे दाखवून, नाटकी होऊन बोलतील. रोज सकाळी तेच ते: आज वार कोणता, हवा कशी, किती मुले आली, मग गाणे. मोठ्या माणसाला त्याचा कंटाळा येईल. मुलाला त्याचाच आधार असतो, कारण पुढे काय येणार हे त्याला शब्दांवाचून ठाऊक असते. पहिली काही वाक्ये ते अख्खी गिळते. ‘मी बाहेर जाऊ का?’ हे वाक्य त्याच्या लेखी एकच लांबलचक शब्द असतो. त्याचे तुकडे पुष्कळ दिवसांनी पडतात. तोवर, कित्येक आठवडे, कधी कधी महिने, ते गप्प असते. ऐकते, कळते, सांगितले तसे करते, पण बोलत नाही. आईबापांची झोप उडते ती या दिवसांत.

घरी आल्यावर ते थकलेले असेल, भुकेले असेल, उगाच चिडेल. दिवसभर कान टवकारून बसणे हे अंगमेहनतीचे काम आहे. ‘आज काय शिकलास?’ म्हटले, की ‘काही नाही’ हे उत्तर ठरलेले. तिथेच थांबावे. पाहुण्यांसमोर ‘बोल रे जरा फ्रेंच’ हा छळ तर मुळीच करू नये. मराठी वाक्यात फ्रेंच शब्द आला तर तो भेसळीचा रोग समजून घाबरू नये. आपण ‘स्टेशनवर तिकीट काढले’ म्हणतो तेव्हा आपल्या डोक्याची खिचडी झालेली नसते. अक्षरओळख फ्रेंचमधून होईल. त्या भाषेत शब्दाच्या शेपटाची अक्षरे पुष्कळदा लिहायची असतात, उच्चारायची नसतात. इंग्रजीचे रीतसर शिकवणे बहुतेक ठिकाणी तिसरी-चौथीच्या सुमारास येते. तोवर शेजारणीचा मुलगा इंग्रजी पुस्तके धडाधड वाचतो आणि आपला अडखळतो हे दृश्य सोसावे लागेल. हा काळ सोसण्याची तयारी नसेल तर जानेवारीत नाव घालू नये, हे माझे स्पष्ट मत.

एका बाबतीत मात्र मराठी मूल तिथल्या इंग्रजी मुलापेक्षा चार पावले पुढे असेल. निर्जीव वस्तूला लिंग असते हे इंग्रजी मुलाला समजावून सांगावे लागते. आपल्या मुलाला तो आंबा, ती कैरी हे दूध पितानाच कळलेले असते. खुर्ची आपल्याप्रमाणे फ्रेंचांकडेही स्त्रीलिंगी आहे. पुस्तकाला मात्र त्यांच्याकडे नपुंसकलिंग नसल्यामुळे पुल्लिंगी व्हावे लागले. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतला भेद त्यांच्याकडे आहे. इंग्रजीत तो उरला नाही. त्यांचे त आणि द आपल्यासारखे दातांवरचे. आणि आकडे तर ऐकण्यासारखे आहेत. ऐंशीला ते म्हणतात ‘चार विसा’, आणि नव्व्याण्णवला ‘चार विसा एकोणीस’! आपल्याकडची जुनी माणसे विसांनीच मोजीत. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आले तेव्हा केवढा गहजब झाला होता. फ्रेंच मुले चार विसा एकोणीस म्हणत सुखाने पाढे शिकतात.

पेणचा आणि फ्रेंचचा संबंध तसा अगदीच नवा नाही. विनोबा १८९५ साली जन्मले ते पेण तालुक्यातल्या गागोद्याला. पुढे बडोद्याच्या हायस्कुलात वडिलांच्या इच्छेप्रमाणे त्यांनी फ्रेंच घेतले. आईला ते रुचले नाही. ब्राह्मणाच्या मुलाने संस्कृत शिकू नये हे कसे, असे तिचे म्हणणे. संस्कृत ते मागाहून शिकलेच. पण गीता त्यांनी मराठीत आणली ती त्या संस्कृत न कळणाऱ्या आईची आठवण ठेवून.

गप्प बसण्याविषयी मी इतके ठासून लिहिते, त्याला कारण आहे. माझी नोकरीची बरीच वर्षे पेण आणि रोहा तालुक्यांतल्या पहिलीच्या वर्गांत गेली आणि त्या वर्गांत असे बुडीचे प्रयोग रोज होत, कोणी नाव न देता. आगरी मुलांचे मराठी निदान आपल्या हाताला लागते. ‘पाणी’ वाचायला सांगितले की ‘पानी’, ‘बाळ’ म्हटले की ‘बाल’. पुस्तकातले ण आणि ळ त्यांच्या जिभेवर नसतात, एवढेच. कातकरी वाडीवरून येणाऱ्या मुलांचे तसे नव्हे. आता पुष्कळ वाड्यांवर मराठीच बोलतात, पण जिथे घरात कातकरी बोली टिकून होती, तिथल्या सहा वर्षांच्या पोरीला माझे मराठी हे फ्रेंचच होते. आणि डबा नव्हता. मला तिची बोली येत नव्हती. वर्गात इतर मुले मराठीत घडाघडा बोलत होती. आणि घरी कोणी शाळेची पायरी चढलेले नव्हते.

अशी एक मुलगी मला आठवते. जूनमध्ये आली ती भिंतीला पाठ लावून बसली. नाव विचारले तरी उत्तर नाही. चौथीतली एक मोठी मुलगी तिच्याच वाडीची होती. तिला मी रोज अर्धा तास मागून घेत असे, आणि तिच्याकडून मीही दहा-पंधरा शब्द शिकले. पोटात दुखते, तहान लागली, घरी जायचे, असले. ते मी मोडकेतोडके बोलले तेव्हा पोर पहिल्यांदा हसली. भाद्रपद सरला तरी बोलत नव्हती. मग नवरात्रात एके दिवशी चित्रांचा तक्ता काढला होता, त्यात खेकडा होता. मी विचारले, हा कुठे राहतो? कोणीतरी म्हणाले, समुद्रात. ती उठून उभी राहिली आणि शेताच्या बांधातल्या बिळात हात कसा घालायचा, नांगी कशी धरायची, आत साप असेल तर कसे ओळखायचे, हे सगळे अर्धे मराठीत, अर्धे तिच्या बोलीत हातवाऱ्यांसकट सांगितले. वर्ग चिडीचूप. चार महिने गप्प बसून तिने केवढा साठा केला होता, ते त्या पाच मिनिटांत कळले.

दिवाळीनंतर ती आली नाही. आईबाप वीटभट्टीवर गेले होते. भाताची कापणी आटोपली की वाडीच्या वाडी अशी उठते आणि पावसाच्या तोंडावर परतते. पुढच्या जूनमध्ये ती आली तेव्हा पुन्हा भिंतीशी बसली. मराठी पुष्कळसे गळून गेले होते, आणि चौथीतली ती मुलगी शाळेतून गेली होती.

कॅनडातल्या मुलाला ती नवरात्रापर्यंतची मुदत मिळते, त्यानंतरचे दिवसही मिळतात. म्हणून त्याच्या गप्प बसण्याचे मला भय वाटत नाही. बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडकांनी काम सुरू केले आणि पुढे त्यांनी व अनुताई वाघांनी आदिवासी मुलांसाठी शाळाच त्यांच्या अंगणात आणि गुरे चरायच्या कुरणात नेली. मूल शाळेला उमगत नसेल तर शाळेने उठून जावे, मुलाने नव्हे, हा त्यांचा हिशेब होता. पेणच्या त्या आईला मी एवढेच सांगितले, की शाळेत जाऊन एक गोष्ट विचार: माझ्या मुलीने मराठीत ‘पोटात दुखतंय’ म्हटले तर ऐकून घेणार का? मराठी बोलल्याबद्दल दंड करणारी शाळा असेल, तर तिची इमारत कितीही देखणी असो, मूल तिथून काढावे.

आता मैत्रिणीच्या सल्ल्याचे. घरातले मराठी मुळीच बंद करू नकोस. सेंट लँबर्टच्या मुलांचे इंग्रजी बुडाले नाही, कारण ते घरात होते, दुकानात होते, रेडिओवर होते, सगळ्या रस्त्यांवर होते. तुझ्या मुलाचे मराठी टोरंटोत फक्त तुमच्या दोघांच्या तोंडात आहे. तुम्ही थांबलात तर ते भरून काढायला कोणी नाही. शिवाय फ्रेंचचा अभ्यास तुम्हाला घेता येणार नाही. तो बाईंवर सोडावा. तुम्ही रात्री मराठीतून गोष्ट सांगावी, ‘का’ आणि ‘मग’ला उत्तरे द्यावीत, पोळी लाटताना भांडावे, समजूत घालावी. ज्या मुलाला एका भाषेत लांब गोष्ट ऐकायची आणि सांगायची सवय आहे, ते दुसऱ्या भाषेतली गोष्टही लवकर पकडते. देवनागरी दुसरी-तिसरीत हळूच दाखव. पहिलीत दोन लिप्यांची घाई नको.

तेव्हा जानेवारीत नाव घाल. वर्षअखेरपर्यंत ‘याला जमतेय का’ हा प्रश्न घरात काढायचा नाही. मूल सकाळी रडत असेल, जेवत नसेल, झोपेत दचकत असेल, तर मात्र वर्षअखेरची वाट पाहू नका. बाईंना भेटा, आणि गरज पडली तर साध्या इंग्रजी वर्गात हलवा. त्यात कमीपणा नाही.

आणि रोह्याचे आजोबा रविवारी फोन करीत असतील, त्यांना सांग की नातवाची फ्रेंचची परीक्षा घेऊ नका. बाजारात आज कोणती मासळी आली होती, भाव काय सांगितला, कुंडलिकेला पाणी किती चढले होते, हे सांगा म्हणावे, सविस्तर. तू सांगून त्यांनी ऐकले नाही तर मला कळव. पेणहून रोह्याला गाडी आहे, मी स्वतः जाऊन सांगून येईन.